वाटणीतली नऊ घड्याळं आणि चार पुस्तकं

पार्श्वभूमी

ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना इथे नाना म्हणू. वय अडुसष्ट, बँकेतून निवृत्त, मुक्काम नाशिक. घराणं भुसावळचं, आजोबा जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत गार्ड. त्यांच्यामागे एका पत्र्याच्या डब्यात नऊ पॉकेट वॉचं राहिली. काही आजोबांची स्वतःची, काही त्यांनी हौसेने जमवलेली. नानांचे वडील गेल्यावर डबा नानांकडे आला आणि तीन भावंडांत वाटणी करायची ठरली. थोरले नाना, धाकटा भाऊ पुण्याला, बहीण बडोद्याला. मुहूर्त भाऊबीजेचा.

नाना माझ्याकडे आले ते आषाढीच्या आठवड्यात. मी कॉलेजच्या ग्रंथालयात पंचवीस वर्षं नोकरी केली आणि माझे वडील घड्याळजी होते. या दोन गोष्टींमुळे ओळखीपाळखीतली जुनी घड्याळं फिरत फिरत माझ्यापर्यंत येतात. नाना मात्र घड्याळ घेऊन आले नव्हते, पुस्तक घेऊन आले होते. हजारावर पानांचं, विटेसारखं जाड ‘कम्प्लीट प्राइस गाइड टू वॉचेस’. जुनी आवृत्ती, सेकंडहँड, तरी कुरिअरसकट चार हजारांना पडलेली.

“ताई, यात आमचं एकच घड्याळ सापडतंय, आणि तेही दीडशे वर्षांपूर्वीचं निघतंय. बाकीच्यांसाठी कुठलं पुस्तक घेऊ? बारा हजारांपर्यंत तयारी आहे.”

अडचण

नानांना पुस्तक कमी पडत होतं असं मला तेव्हा वाटलं. खरी अडचण डबा उघडल्यावर कळली.

त्यांना सापडलेलं घड्याळ वॉल्थॅमचं होतं. अमेरिकन घड्याळांचं एक सुख असतं, मशीनवर नंबर कोरलेला असतो आणि त्या गाइडमध्ये कंपनीवार तक्ते असतात. नंबर शोधायचा, साल वाचायचं. नानांनी तेच केलं होतं, पण नंबर घेतला होता झाकणाच्या आतला. तो केसचा, म्हणजे बाहेरच्या डबीचा नंबर. अमेरिकन मशीन एका कारखान्यात बनायचं आणि केस बऱ्याचदा दुसऱ्याच कारखान्यातून यायची, म्हणून दोन्ही नंबरांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. केसच्या नंबराने घड्याळ १८६०च्या दशकात नेलं होतं. आतलं दुसरं झाकण उघडल्यावर मशीनवर दीड कोटीच्या पुढचा नंबर दिसला, म्हणजे १९०७चा सुमार. नानांचा चेहरा चाळीस वर्षांनी उतरला.

दुसरंही एक वॉल्थॅम होतं, पिवळंधमक. त्याच्या झाकणात ‘वीस वर्षं’ अशी हमी कोरली होती. सराफ बाजारातल्या ओळखीच्या सराफाने भिंगातून फक्त वीसचा आकडा पाहिला आणि वीस कॅरेट म्हणून सांगितलं. ही वीस वर्षं सोन्याच्या पत्र्याची. आत साधा धातू, वर सोन्याचा थर, आणि तो इतकी वर्षं झिजणार नाही अशी कंपनीची हमी. वाटणीच्या कागदावर मात्र हे घड्याळ एव्हाना ‘सोन्याचं, १’ म्हणून चढलं होतं.

उरलेली सात अमेरिकन नव्हतीच. एकाच्या तबकडीवर वेस्ट एंड वॉच कंपनी, बॉम्बे, कलकत्ता, आणि पाठीवर जी. आय. पी. आर. ही अक्षरं व एक तीन आकडी नंबर. एक किल्लीचं, जड, चांदीचं, लंडनच्या छापांचं. एक नाजूक बायकी घड्याळ, आत पक्ष्याचा ठसा. तीन रॉस्कॉफ पद्धतीची, म्हणजे स्वस्तातल्या स्विस बनावटीची. एक निकेलचं, बिननावाचं. अमेरिकन गाइडमध्ये ही शोधणं म्हणजे पुण्याच्या टेलिफोन डिरेक्टरीत नागपूरचा पत्ता शोधणं.

आता माझ्या लेखी मुख्य मुद्दा. नाना विचारत होते, “किंमत किती?” घड्याळं मात्र त्याआधीचे प्रश्न विचारत होती. हे बनलं कुठे? मशीन कुणाचं? केस कशाची? तबकडीवरचं नाव करणाऱ्याचं की विकणाऱ्याचं? यातल्या प्रत्येक प्रश्नाचं पुस्तक वेगळं. किमतीचं पुस्तक शेवटी उघडायचं असतं, आणि नानांनी सुरुवातच तिथून केली होती.

समोरचे पर्याय

आम्ही दोघांनी एका दुपारी बसून यादी केली.

त्याच गाइडची नवी आवृत्ती घ्यावी, असं नानांच्या मनात होतं. मी नको म्हटलं. त्यातला अमेरिकन भाग सर्वांत भक्कम आणि नंबरांचे तक्ते जुन्या आवृत्तीतही तेच. बदलतात त्या किमती, त्या डॉलरमधल्या आणि तिकडच्या बाजारातल्या. भुसावळच्या डब्यातल्या घड्याळाला त्यांचा उपयोग बेताचाच.

दुसरा पर्याय नावांच्या कोशाचा. जी. एच. बेली यांनी १९२९ साली जगभरच्या घड्याळकारांची यादी काढली, तिची मर्यादा १८२५पर्यंत. ब्रायन लूम्स यांनी दुसरा खंड करून ती १८८०च्या आसपास आणली आणि २००६ साली दोन्ही खंड एकत्र केले. नाव, गाव, काळ, एवढंच, चित्रं नाहीत. माझ्यातल्या ग्रंथपालाला हे पुस्तक फार आवडतं, आणि पुढचा घोटाळा तिथूनच झाला.

तिसरा पर्याय ‘ब्रॅडबरीज बुक ऑफ हॉलमार्क्स’. शर्टाच्या खिशात मावेल एवढी पुस्तिका, सोन्याचांदीच्या ब्रिटिश छापांचे तक्ते.

चौथा कॅथलीन प्रिचर्ड यांचा ‘स्विस टाइमपीस मेकर्स १७७५–१९७५’, दोन जाडजूड खंड. आमच्या सातांपैकी सहा स्विस, म्हणजे कागदावर हाच पहिला नंबर. पण सेकंडहँड भाव आणि दोन खंडांचं कुरिअर मिळून नानांचा सगळा पैसा एका फटक्यात संपत होता. शिवाय नीट पाहिलं तर त्या सहांपैकी चारांवर कंपनीचं नावच नव्हतं. नावावरून शोधायच्या पुस्तकात बिननावाचं घड्याळ काय शोधणार?

पाचवा ‘द कॅमेरर कस बुक ऑफ अँटीक वॉचेस’. यात घड्याळं कालक्रमाने लावलेली आहेत, आणि तबकडीबरोबर आतल्या मशीनचेही फोटो आहेत. नाव न वाचता मशीनच्या ठेवणीवरून देश आणि काळ ओळखायची सवय अशा पुस्तकाने लागते.

सहावा पर्याय फुकटचा. एफ. जे. ब्रिटन या लेखकाचं ‘ओल्ड क्लॉक्स अँड वॉचेस अँड देअर मेकर्स’ १८९९ सालचं. जुन्या आवृत्तीचं स्कॅन इंटरनेट अर्काइव्हवर मिळतं आणि शेवटी घड्याळकारांची लांबलचक यादी आहे. नानांना स्क्रीनवर वाचायचा कंटाळा, म्हणून आम्ही ते बाजूला ठेवलं. आज मागे पाहते तेव्हा हा निर्णय सर्वांत महाग पडल्याचं दिसतं.

काय केलं

पहिली ऑर्डर लूम्सची, साडेपाच हजार. सल्ला माझा. माझा हिशेब असा, की नाव सापडलं की पुढचं धागेदोऱ्याने मिळत जाईल. ग्रंथालयात ते चालतं, कारण पुस्तकावर लेखकाचं नाव खोटं नसतं.

लूम्स आला आणि नानांना डबा अपुरा वाटू लागला. श्रावणात ते मुंबईला गेले आणि एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून साडेनऊ हजारांचं दहावं घड्याळ घेऊन आले. किल्लीचं, चांदीचं, आतल्या झाकणावर झोकदार अक्षरांत ‘एम. जे. टोबायस, लिव्हरपूल’. घेण्याआधी त्यांनी मला फोनसुद्धा केला होता. “ताई, लूम्समध्ये टोबायस लिव्हरपूल आहे. मी दुकानातून घरी तुमच्या वहिनींना फोन करून बघून घेतलं.” मी म्हटलं, “मग घ्या.”

दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीपाशी आम्ही ते उघडलं. आतलं झाकण वर करताच मला गडबड दिसली, आणि सांगायचं कसं हे सुचेना. इंग्लिश किल्लीच्या घड्याळात साधारणपणे एक मोठी अख्खी किंवा पाऊण पट्टी चाकांवर झाकण घातल्यासारखी बसलेली असते. आत फ्यूझी असते, म्हणजे शंकूसारखा एक तुकडा आणि त्यावर गुंडाळलेली, सायकलच्या चेनची बाहुली वाटावी अशी बारीक साखळी. मुख्य कमान (स्प्रिंग) सैल होत गेली तरी चाकांवरचा जोर सारखा राहावा, यासाठीची ही सोय. इंग्लिश कारागिरांनी ती एकोणिसावं शतक सरत आलं तरी सोडली नाही. नानांच्या घड्याळात साखळी नव्हती. चाकं वेगवेगळ्या सुट्या पुलांखाली बसलेली, कमानीचा डबा थेट चाकाला जोडलेला. अस्सल स्विस ठेवण. केसवर इंग्लिश चांदीची सिंहाची खूणही नाही.

लिव्हरपूलची एम. आय. टोबायस ही पेढी खरी आणि नावाजलेली. अमेरिकेत तिचा माल इतका खपायचा, की स्विस कारखाने आपल्या स्वस्त घड्याळांवर तिच्यासारखं नाव घालून ती तिकडे पाठवत. खूपदा त्यावर ‘आय’ऐवजी ‘जे’ असतो. जुन्या वळणदार अक्षरांत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणजे चूकही म्हणता येते आणि लबाडीही. ही गोष्ट संग्राहकांत इतकी जुनी आहे, की ती मला आठवायला हवी होती. नावाच्या कोशात नाव सापडलं याचा अर्थ त्या नावाचा माणूस होऊन गेला, एवढाच. हे घड्याळ त्याने केलं, असं कोश कुठेही म्हणत नाही.

नाना दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे पुस्तक खरं, घड्याळ खोटं.” तसंही नाही. घड्याळ खरंच आहे, चालतंय, शंभरावर वर्षांचं आहे. फक्त लिव्हरपूलचं नाही.

यानंतर आम्ही क्रम उलटा केला. आधी एका घड्याळजींकडे सगळी घड्याळं उघडून घेतली, प्रत्येकाच्या मशीनचा, झाकणाचा आणि तबकडीचा मोबाइलवर फोटो काढला, आणि प्रत्येक घड्याळापुढे एकच प्रश्न लिहिला. चारांपुढे केसचा प्रश्न आला, चारांपुढे मशीनचा, दोघांपुढे विकणाऱ्याचा. त्या कागदावरून ब्रॅडबरी आणि कॅमेरर कस मागवली. दोन्ही मिळून पाच हजारांच्या आत.

ब्रॅडबरी आठवडाभरात फळाला आली, पण तिनेही एकदा चकवलं. दीड कोटीवाल्या वॉल्थॅमच्या केसवर छोट्या लिपीतला ‘एच’ होता. नानांनी पहिलं पान उघडलं ते लंडनचं, तिथे तो ‘एच’ १९०३चा. पण शेजारी नांगराचा ठसा होता, म्हणजे बर्मिंगहॅम, आणि तिथे तोच ‘एच’ १९०७चा. प्रत्येक गावाचं अक्षरांचं चक्र वेगळं, म्हणून आधी गाव आणि मग अक्षर. मशीनच्या नंबरानेही १९०७च सांगितलं होतं. दोन पुस्तकं एका सालावर येऊन भेटली तेव्हा नानांनी चहा मागवला. केसवर ए. एल. डी. ही अक्षरंही होती. हे आरन डेनिसन, वॉल्थॅम कंपनीच्या संस्थापकांपैकीच एक, ज्यांनी पुढे बर्मिंगहॅमला येऊन केसचा कारखाना घातला.

डब्यातल्या लंडनच्या किल्लीच्या, फ्यूझीच्या साखळीवाल्या घड्याळाने मात्र वाद लावला. तक्त्यात १८६५च्या ओळीत राणीच्या मुखवट्याचा ठसा छापलेला, घड्याळावर तो नाही. टोबायसने पोळलेले नाना म्हणाले, हेही बनावट. तो ठसा चांदीवरचा कर भरल्याची खूण होती आणि घड्याळाच्या केसना १७९८पासून तो कर माफ होता. भांड्यावर असतो तो ठसा घड्याळावर नसतो. हॉलमार्कची पुस्तकं मुख्यतः चांदीच्या भांड्यांसाठी लिहिलेली असतात, आणि घड्याळवाल्याला असे अपवाद पदरचे माहीत असावे लागतात.

पक्ष्याच्या ठशाला तर घरात सगळ्यांनी नावं ठेवून झाली होती. नाना कोंबडा म्हणाले, त्यावरून फ्रेंच असा निष्कर्षही निघाला. दहापट भिंगाखाली तो रानकोंबडीच्या जातीचा पक्षी निघाला, शेजारी ०.८००. स्वित्झर्लंडने १८८०च्या कायद्याने चार चित्रं ठरवून दिली: अठरा कॅरेटला हेल्वेशियाचा (स्वित्झर्लंडच्या स्त्री-प्रतीकाचा) मुखवटा, चौदाला खार, ०.८७५ चांदीला अस्वल, ०.८००ला हा पक्षी. आमच्या सराफांच्या भाषेत टंच ऐंशी. त्यांनी कसाला लावून तेच सांगितलं, आणि पिवळ्या वॉल्थॅमच्या वीस कॅरेटचा हिशोबही आपोआप मिटला.

तीन रॉस्कॉफसाठी एकही पुस्तक लागलं नाही. जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कॉफ यांनी १८६७च्या सुमारास कामगाराला परवडेल असं वीस फ्रँकचं घड्याळ बाजारात आणलं. माणकांच्या जागी साध्या पिना, चाकंही कमी. घड्याळजींनी तिन्ही नुसती कानाला लावून सांगितली. टिकटिक जरा खरखरीत येते.

निष्पत्ती

जी. आय. पी.चं घड्याळ शेवटपर्यंत राहिलं होतं. चारही पुस्तकांत त्याच्याबद्दल ओळ नव्हती, कारण वेस्ट एंड ही विकणारी कंपनी. माल स्वित्झर्लंडमधून यायचा आणि तबकडीवर मुंबई-कलकत्त्याचं नाव पडायचं. मशीनवर मात्र पंखवाल्या वाळूच्या घड्याळाचा बारीक ठसा होता. ती लाँजीन या स्विस कंपनीची खूण, १८८९ साली नोंदवलेली. नंबर एकवीस लाखांच्या पुढचा. लाँजीनचा विसाव्या लाखाचा नंबर १९०७चा, म्हणजे हे त्यानंतर लवकरचं. कंपनी जुन्या विक्रीच्या वह्या सांभाळून आहे. नानांनी नंबर आणि फोटो पाठवले, आणि काही आठवड्यांनी उत्तर आलं: १९०८, माल हिंदुस्थानातल्या एजंटांच्या नावे रवाना.

वाटणी भाऊबीजेलाच झाली, पण किमतीवर झाली नाही. ओळख पटल्यावर कागदावरचे आकडे इतके जवळ आले, की भांडायला काही उरलं नाही. ‘सोन्याचं, १’ खोडलं गेलं. बहिणीने लंडनचं साखळीवालं घेतलं. धाकट्या भावाने दोन्ही वॉल्थॅम आणि तो पक्षी घेतला, रॉस्कॉफ भाच्यांत वाटली गेली. टोबायस नानांचं, स्वखर्चाचं.

पुस्तकांवर एकूण चौदा हजारांपर्यंत खर्च झाला. खरं काम केलं ते सगळ्यांत लहान पुस्तिकेने आणि एका ई-मेलने. अमेरिकन गाइडने दोन घड्याळांचा निकाल लावला, तेवढ्यापुरतं ते वाया गेलं नाही. लूम्सने एकाचाही लावला नाही.

पुन्हा करायचं तर

पहिल्याच दिवशी पाठीमागची झाकणं उघडून घेईन. पुस्तकाची चर्चा त्यानंतर. आम्ही उलट केलं, कारण नाना पुस्तक हातात घेऊन आले होते आणि मला पुस्तकावर बोलायला आवडतं.

नावांचा कोश विकत घेणार नाही, किमान पहिल्या वर्षी तरी नाही. आमच्या डब्यात इंग्लिश नावाचं एकच घड्याळ होतं आणि त्याचं नाव ब्रिटन यांच्या पुस्तकाच्या फुकटच्या स्कॅनमध्येही होतं. साडेपाच हजार तिथे वाचले असते. टोबायसचे साडेनऊही बहुधा वाचले असते, कारण घरात कोश नसता तर नानांना दुकानात तेवढा धीर आला नसता.

मशीनच्या फोटोंचं पुस्तक सगळ्यांच्या आधी घेईन. निदान तीन आठवडे ते नुसतं चाळायला लावेन, खरेदी बंद ठेवून. हे नानांना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “तीन आठवडे कोण थांबतंय?” बरोबर आहे, पण नियम तोच ठेवेन.

प्रिचर्डचे दोन खंड न घेण्याचा निर्णय मी आजही तसाच घेईन. कुणाकडे सही असलेली वीस-पंचवीस स्विस घड्याळं असतील तर गोष्ट वेगळी.

एक प्रश्न मात्र लाँजीनच्या उत्तराने नवाच काढला. आजोबा रेल्वेत लागले १९१२ला आणि घड्याळ १९०८चं. पाठीवरचा नंबर पाहता ते रेल्वेच्या मालकीचं दिसतं, आधी दुसऱ्याच कुणाच्या तरी खिशात असलेलं. मग निवृत्त होताना आजोबांनी ते परत का केलं नाही? धाकटे भाऊ म्हणतात, ढापलं असणार. नाना चिडतात. ते घड्याळ त्यांनी कुणाच्याच वाट्याला घातलेलं नाही, डब्यातच आहे. सध्या ते आजोबांचं सर्व्हिस बुक शोधताहेत. भुसावळच्या माळ्यावर दोन ट्रंका अजून उघडायच्या राहिल्यात, आणि किल्ली बडोद्याला आहे.